भेंडीनं निवळलेलं पाणी

माझी अक्षरओळख पत्रकांवर झाली. वडील शिक्षक होते. सभांची उरलेली पत्रकं घरी यायची आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी बेरजा करायची. बेरीज चुकली की पान उलटून 'जागे व्हा' वाचायची. विशी उलटली तोवर मी स्वतःच पत्रकं लिहीत होते, सभांत भाषणं करत होते. म्हणून वडिलांच्या मित्राची बदली झाली आणि त्यानं आपली माशांची काचपेटी विश्रामबागेतल्या आमच्या दोन खोल्यांत आणून ठेवली, तेव्हा मी तिला तुरुंग म्हटलं.

"मग सोड की किष्णंत," आत्या म्हणाली. "बगळ्यास्नी आदी तुजं पत्रक वाचाय दे."

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. फौजेतला नवरा गेल्यापासून साताऱ्याकडच्या गावी एकटीच राहायची. आठ दिवसांसाठी आली होती. तिनं आता इथंच राहावं असं वडिलांना वाटे, मलाही. ती रोज "उद्या जाते" म्हणायची. पण पेटी आली आणि तो उद्या पुढं पुढं सरकत गेला. सकाळी ती खिडकीशी पेटीसमोर बसे. पाण्यातून आलेलं ऊन तिच्या लुगड्यावर हलायचं आणि आठ सोनेरी मासे तिच्या अंगावरून पोहत गेल्यासारखे वाटायचे. मी पत्रक खाली ठेवून बघत राही. त्या वेळी मनात एकही घोषणा नसायची. त्याची मला लाज वाटे, तरी मी उठत नसे.

"मासं हायत तवर हाय मी," ती एकदा म्हणाली.

वडिलांनी हे ऐकलं आणि माशांचं खाणं दुप्पट आणलं. येता-जाता आम्ही तिघंही चिमूट चिमूट टाकू लागलो. पंधरवड्यात पाणी इतकं गढूळ झालं की मासे धुक्यातून आल्यासारखे दिसायचे.

"मळी धरलीया," आत्या म्हणाली. तिचं उभं आयुष्य गुऱ्हाळावर गेलं होतं. उसाचा रस कढईत तापला की त्यात भेंडीच्या झाडाचं बुळबुळीत पाणी घालतात. मळी वर येते, ती काढली की रस निवळतो. तिनं शेजारच्या परसातलं भेंडीचं झाड मागून आणलं, ठेचलं, भिजवलं. मी तिला खलबत्ता दिला. लोकांचं शहाणपण पुस्तकांपेक्षा मोठं असतं, असं मी त्याच आठवड्यात छापलं होतं.

पाणी खरोखर निवळलं. संध्याकाळी पेटीत जणू पाणीच नव्हतं, मासे हवेत तरंगत होते. आत्यानं वरची मळी पळीनं काढली आणि रसाकडं बघावं तशी समाधानानं बघत राहिली.

सकाळी सहा मासे वर तोंड काढून हवा गिळत होते. दोन आडवे झाले होते.

वडिलांनी घाईघाईनं निम्मं पाणी बदललं. दुपारी आत्यानं गाठोडं बाहेर काढलं. "शनवारच्या यस्टीनं जाते. माज्या हातानं मेल्याती."

मी तिला ओढतच बाजारात नेलं. तिथं शेतातल्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारे एक चाचा मासेही विकायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हसू दाबलं.

"आवं आक्का, नितळ म्हंजी साफ न्हवं. मासं पाण्यातली हवा खात्यात. घाण डोळ्याला दिसंना झाली, तरी भेंडीसकट पाणी कुजतंयच की, आन् त्यातली हवा संपती."

त्यांनी दोन फिल्टर पुढं ठेवले. एक कोपऱ्यात ठेवायची छोटी डबी, तिच्यात कापूस आणि कोळसा. घाण कापसात अडकते, कापूस काढून धुवायचा. दुसरी भोकांची जाळी, वाळूखाली अंथरायची. घाण वाळूत ओढली जाते आणि तिथंच मुरते. दोन्हींना हवेचा पंप लागणार होता.

"डबी," मी म्हणाले. "घाण दिसली पाहिजे, उपसून फेकली पाहिजे. आणि पंप विजेवरचा? शेतातल्या मोटारींना वीज नाही आणि आम्ही माशांसाठी जाळायची?"

"ताई, झिरोच्या बल्बाएवढी बी खात न्हाई. भाषण बल्बाखालीच लिवतासा न्हवं?"

आत्या खूप दिवसांनी हसली. मग तिनं जाळी हातात घेतली. "ही द्या. गाळ खालीच ऱ्हाऊ दे. रानात न्हाई का ऱ्हात? पुरात आल्याला गाळ कुणी धुवून काडतंय व्हय? त्येच्यावरच ऊस येतोय."

मी पैसे मोजले. जाळी घेतली, पंपही घेतला.

वाळूतून बुडबुड्यांच्या माळा निघू लागल्या. मासे खाली उतरले. तरी शनिवारी आत्याचं गाठोडं बांधून दाराशी होतं. वडील रिक्षा बघायला गेले होते. तेवढ्यात लाइट गेली. पंपाची घरघर थांबली. शेवटचा बुडबुडा वर आला, फुटला. उन्हानं पाणी कोमट झालं होतं. मी हाताचा पंखा काचेवर हलवत राहिले, वेड्यासारखी. थोड्या वेळानं एक मासा वर आला, मग दुसरा.

आत्या दारातून बघत होती. मग खाली बसली, गाठोडं सोडलं आणि लुगड्यांच्या घडीतून आपला पितळी तांब्या काढला. पेटीत बुडवला, हातभर उंच नेला आणि धार सोडली. पुन्हा बुडवला, पुन्हा धार. रस उतू जायला लागला की गुऱ्हाळात तो असाच उचलून वरून ओततात. तिच्या खांद्याला ती लय पाठ होती. धारेबरोबर पाण्यात पांढरी हवा शिरत होती.

वडील आले. "रिक्षा उभी आहे."

"ऱ्हाऊ दे हुबी," आत्या म्हणाली. तिचा हात थांबला नाही.

रिक्षा गेली. यस्टीची वेळही गेली. तिचा हात भरून आला तेव्हा तांब्या मी घेतला. "वरनं, आजून वरनं," ती सांगत होती. "भाषणात हात वर करतीस तसा."

लाइट दिवेलागणीला आली. सहाच्या सहा मासे वाळूजवळ फिरत होते. आत्यानं लुगडी एकेक करून खुंटीवर टाकली. तांब्या तिनं पुसला आणि पेटीशेजारी पालथा ठेवला, परत लाइट गेली तर हाताशी असावा म्हणून.