चिकू, खजूर, चिंचोका

"उजेडात पाहू, उजेडात," म्हणत काका हातातली वस्तू घेऊन थेट खिडकीशी जायचे. ग्रोसरीतून आणलेलं वांगं असो, माझी नवी ओढणी असो, नाहीतर बाहुलीचं मुंडकं असो. हो, मुंडकंच. आम्ही कॅनडात हॅमिल्टनला राहायला आलो त्याच आठवड्यात हे शेजारी दारात उभे राहिले, ते एका हातात केळ्याचा केक आणि दुसऱ्या हातात बाहुलीचं तपकिरी डोकं घेऊन. मी दार लावूनच घेणार होते, पण तेवढ्यात ते मराठीत बोलले.

"घाबरू नको पोरी, हिच्यासाठी धड शोधून राहिलो," असं म्हणून त्यांनी माझ्या मुलांच्या खेळण्यांच्या खोक्यात डोकावायची परवानगी मागितली. अशी आमची ओळख.

काका नागपूरचे. वडिलांचं इतवारीत मॅचिंग सेंटर होतं. साडी घेऊन या, तिच्यावर नेमका जुळणारा ब्लाउजपीस घेऊन जा. काका त्या ताग्यांमध्येच वाढले. इकडे येऊन पोलादाच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन झाले, रिटायरही झाले, पण नजर दुकानातली ती दुकानातलीच राहिली. तुम्हीआम्ही ज्याला नुसतं ब्राऊन म्हणून सोडून देऊ, त्यात त्यांना चिकू दिसायचा, खजूर दिसायचा, चिंचोका, भाजलेलं जिरं, ओला गूळ आणि कोरडा गूळ.

काकू जमैकाच्या, इस्पितळात नर्स. आम्ही सगळी मराठी मंडळी त्यांना काकू म्हणायचो आणि त्या खुशाल ओ द्यायच्या. उंच, ताठ, फटकळ. दर रविवारी गरम इस्त्रीने केस सरळ करायच्या. एक बट इकडची तिकडे व्हायची नाही. नवऱ्याच्या बाहुल्यांचा विषय निघाला की भुवया वर करून स्वयंपाकघरात निघून जायच्या.

बेसमेंट मात्र बघण्यासारखं होतं! पहिल्यांदा जिना उतरले तेव्हा मी तोंडाचा आ वासून उभी राहिले. भिंतभर फळ्या आणि त्यांवर नुसत्या काळ्यासावळ्या बाहुल्या. फॅशन डॉल्स, सैनिक, अंतराळवीर, कुंगफूवाले. काका हर्षभरित होऊन एकेक उतरवायला लागले. मुलगी लहान असताना म्हणे दुकानात सगळ्या गुलाबी बाहुल्या. शोधून शोधून एक तपकिरी मिळाली, ती खिडकीशी नेऊन बघितली आणि यांचं डोकंच फिरलं. "नाक तेच, ओठ तेच, नुसती चहात बुडवून काढली," ते म्हणाले. तिथून त्यांनी जे जमवायला घेतलं ते मुलगी मोठी होऊन कॅल्गरीला नोकरीला गेली तरी थांबलं नाही.

नुसतं जमवणं नाही हं. दोन बाहुल्या शेजारी ठेवून हिचा जबडा बघ, हिचं कपाळ बघ, असं तासभर चालायचं. फॅशन डॉलचा चेहरा चांगला, पण हात काठीसारखे. सैनिकांच्या कोपराला, गुडघ्याला सांधे, पण चेहरा मख्ख. मग गरम पाण्यात मान मऊ करून याचं डोकं त्याच्या धडावर. आणि मानेचा रंग धडाशी जुळायलाच हवा, म्हणून ती मुंडकी चष्म्याच्या डबीत घालून स्वारी गावभरच्या गराज सेल, म्हणजे घरोघरच्या जुन्या सामानाच्या विक्र्या, पालथ्या घालायची. एकदा ग्रोसरीच्या काउंटरवर यांनी चष्मा काढायला चुकीची डबी उघडली आणि तीन मुंडकी टोमॅटोंमधून घरंगळत गेली. काउंटरवरची मुलगी पांढरीफटक. काका शांतपणे म्हणाले, सॉरी, ही विकत घ्यायची नाहीत, माझीच आहेत. मी आइस्क्रीमच्या फ्रीजरमागे जाऊन पोट धरून हसले.

दिवाळीत माझ्या मुलांनी आमच्या बेसमेंटमध्ये पुठ्ठ्यांचा किल्ला केला. मावळे कुठून आणायचे? काका खोकंभर घेऊन आले. सगळे सांधेवाले सैनिक, गणवेश उतरवून अंगरखे शिवलेले, डोक्याला मुंडासं आणि रंग चिंचोका. दिवाळीच्या जेवणाला आलेल्या एका गृहस्थांनी विचारलंच, यात गोरे नव्हते का मिळत? काकांनी त्यांचा दंड धरून त्यांना दिव्याखाली नेलं, एक मावळा त्यांच्या मनगटाला लावला आणि म्हणाले, "उन्हातान्हात गड चढणारा माणूस आहे तो. तुमचा रंग तर एसीतसुद्धा हाच आहे." मग त्यांना आग्रहाने अनारसे वाढले.

आणि मग कॅल्गरीहून तो फोन आला. नात पाच वर्षांची, नुकतीच शाळेत जायला लागलेली. वर्गातल्या पोरींचे केस पाठीवर रुळायचे, हिचे वर उभे राहायचे. घरी ही डोक्यावर पिवळा टॉवेल बांधून तेच आपले लांब केस म्हणून उडवत फिरायची. टॉवेल शाळेत नेता येईना, तेव्हा तिने लोकरीची टोपी घातली ती काढेचना. वर्गात टोपी, जेवताना टोपी, झोपताना टोपी. तिची आई फोनवर रडत होती. काकांनी फोन ठेवला आणि मला हाक मारली. ख्रिसमसला ती सगळी येणार होती. "मी तिला तिच्यासारखी बाहुली करून देतो. टोपी उतरली पाहिजे," ते म्हणाले. त्यांचा आवाज मी तोवर तसा ऐकला नव्हता.

आमच्या दोन्ही घरांत नुसती धामधूम उडाली. फोटोतल्या रंगावर काकांचा काडीचा विश्वास नाही. त्यांनी तपकिरी कापडांचे तुकडे एका पट्टीवर ओळीने शिवून कॅल्गरीला पोस्टाने धाडले. लेकीने पोरीचा हात खिडकीत धरून पट्टी लावली आणि फोनवर सांगितलं, डावीकडून चौथा. खजूर! काका अक्षरशः नाचले. धड मिळालं ओकव्हिलच्या एका चर्चमधल्या सेलमध्ये. परत येताना ते गाडीत सारखं खिशातून काढून काचेशी धरत होते. जुना चेहरा पुसून त्यांनी नवा रंगवला, तीनदा पुसला, चौथ्यांदा जमला. गळसरीसाठी मी बारीक काळे मणी दिले.

घोटाळा झाला तो केसांत. कुरळे केस मऊ करायचे म्हणून आपल्या नागपूरकरांनी काय करावं? बाहुलीला खोबरेल तेल चोपडलं, चांगलं चंपी करून! आणि तिला गराजमध्ये वाळत ठेवली. डिसेंबरमध्ये. सकाळी बघतो तर तेल थिजून डोकं पांढरं, नायलॉनचे केस एकमेकांना चिकटलेले, बाई एका रात्रीत म्हाताऱ्या झालेल्या. काका डोक्याला हात लावून बसले. पाहुणे यायला चार दिवस उरलेले.

काकू हसून हसून खुर्चीत बसल्या. मग डोळे पुसून त्यांनी पहिल्यांदा ती बाहुली हातात घेतली, भांड्याच्या साबणाने धुतली आणि एकेक बट मुलांच्या हस्तकलेतल्या, लोकर चढवलेल्या तारेच्या काड्यांवर गुंडाळायला लागल्या. गुंडाळता गुंडाळता सांगितलं की लहानपणी त्यांच्याकडे एकच बाहुली होती, गुलाबी, एका पायाची. काड्यांसकट केस उकळत्या पाण्यात बुडवले, मग गार पाण्यात. काड्या सोडवल्या तशी एकेक कुरळी बट सुटत गेली आणि डोक्याभोवती भरगच्च गोल उभा राहिला. काका काकूंच्या हाताकडे बघत बसले.

ख्रिसमसच्या सकाळी मलाही बोलावलं होतं. पोर टोपीतच होती. तिने कागद फाडला, बाहुली बाहेर काढली आणि बराच वेळ बघत राहिली.

"दॅट्स ग्रॅनी," ती म्हणाली.

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. आम्ही सगळ्यांनीच पुन्हा पाहिलं. खरंच की! ते कपाळ, ती हनुवटी. नातीचा चेहरा करायला बसलेल्या माणसाच्या हातून उभ्या जन्मात जो पाहिला तोच चेहरा उतरला होता. पण पोरीने आजीकडे नीट निरखून पाहिलं आणि मान हलवली. ग्रॅनीचे केस असे नाहीत, ग्रॅनीचे सरळ आहेत, असं तिने इंग्रजीत जाहीर केलं आणि टोपी कानांवर आणखी खाली ओढली.

काकू उठल्या आणि वॉशरूममध्ये गेल्या. नळाचा आवाज आला. एरवी इतक्या शिस्तीच्या बाई, पाहुणे बसलेले, टर्की ओव्हनमध्ये, आणि या मध्येच न्हायला काय बसल्या? बाहेर आल्या त्या खांद्यावर टॉवेल टाकून. पाणी लागल्याबरोबर इस्त्री उतरली होती. केस आक्रसून, वळून, डोक्याभोवती उभे राहिले होते, थोडे काळे, बरेचसे पांढरे. काकांनीसुद्धा त्यांना चारचौघांत असं कितीतरी वर्षांत पाहिलं नसावं. काकांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत.

काकू जमिनीवर बसल्या. पोरीने एक हात त्यांच्या केसांत घातला, एक बाहुलीच्या. दोन्हीकडे दाबून पाहिलं, दोन्हीकडे पुन्हा वर आले. मग तिने टोपी काढली आणि आजीकडे पाठ करून तिच्या मांडीत बसली.

"डू माइन लाइक हर्स."

त्यानंतरही काकांचा उद्योग चालू राहिला. काकू आता बेसमेंटमध्ये बसून केस करायच्या, काका रंग बघायचे, आणि दोघांची भांडणं वर रस्त्यापर्यंत ऐकू यायची. बाहुल्यांसाठी लोकरी काड्या काय, हेअर ड्रायर काय, नात सुट्टीला आली की तिघंही त्यातच.

काका गेले ते काही वर्षांनी, मार्च महिन्यात, फार त्रास न होता. अंत्यविधी काकूंच्या चर्चमध्ये झाला. नात पहिल्या रांगेत बसली होती. उंच झाली होती, आजीसारखी ताठ, आणि केस मोकळे, दोन माणसांची जागा व्यापतील एवढे. मी बरोबर तिच्या मागे होते. समोर ठेवलेले काका मला शेवटपर्यंत दिसलेच नाहीत, नुसते केस दिसले. माझ्या शेजारच्या बाईंनी हळूच विचारलं, मुलीला थोडं बाजूला सरकायला सांगू का?

"खबरदार," मी म्हटलं.