इंदूला पोहता येत होतं

माझी बायको बुडत नव्हती. बुडत मी होतो.

आज इंदूला जाऊन एक वर्ष झालं. ही पोस्ट वाचणारे तुम्ही बहुतेक माझे विद्यार्थी, नाहीतर नातेवाईक. येलदरीची गोष्ट तुम्ही सगळ्यांनी माझ्या तोंडून ऐकली आहे. मास्तरांनी धारेत उडी मारून बायकोला कसं बाहेर काढलं, ती.

ती खोटी आहे. खरी आज लिहितो.

विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते. बस आज आहे तर उद्या बंद, असं चाललेलं. मी जिंतूरला सातवीला मराठी शिकवायचो. लग्नाला सात महिने झाले होते.

समुद्राची कविता वर्गात अशी रंगवायचो की पोरं खिडकीबाहेर लाटा शोधायची.

इंदू एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "समुद्र बघितलाय का तुमी?"

"नाही."

"मग एवढं कशाच्या जिवावर सांगता?"

म्हणून येलदरीचं धरण. आमच्याकडचा समुद्र तोच.

नवरा-बायकोनं दोघंच फिरायला जायची रीत आमच्या घरात नव्हती. आईला सांगितलं, चारठाण्याला देवदर्शनाला जातो. पाठीवर शाळेतली स्काउटची पिशवी. तिच्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि माझी कवितांची वही.

धरणाच्या खाली, पूर्णेच्या पात्रात वाळूचं एक बेट होतं. चपला हातात घेऊन घोटाभर पाण्यातून तिथं गेलो. इंदूनं डोक्यावरचा पदर खाली सोडला. सात महिन्यांत तिचे मोकळे केस मी पहिल्यांदा उन्हात बघत होतो.

मी वही उघडली.

तेवढ्यात भोंगा वाजला. लांबलचक.

"हे कशाचं?" तिनं विचारलं.

"कामगारांची जेवणाची सुट्टी झाली असेल."

शाळेत जन्म गेलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? वीजघरातून पाणी सोडणार होते, त्याचा तो इशारा होता.

मी दुसरी कविता वाचत होतो.

"मास्तर, कविता बस करा. पाणी चढायलंय."

मान वर केली तर आलो ती वाटच नव्हती. गढूळ पाणी गरगरत चाललेलं. बेट बघता बघता खाटेएवढं उरलं. काठावर चिटपाखरू नाही.

"घाबरू नको, मी आहे," मी म्हणालो.

"पोहता येतं का तुमाला?"

"नाही."

तिनं साडीचा काष्टा मारला. "मला येतं. माहेर नदीवर हाय माजं."

सात महिन्यांत हे मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

"खांद्याला धरा. गळ्याला न्हाई. गळ्याला धरलं तर दोघंबी जाऊ. पाय मारू नका, मेल्यासारखे पडून ऱ्हावा. आन् ती पिशवी सोडा."

"वही आहे त्यात."

"सोडा म्हणते ना."

सोडली.

धारेशी ती भांडली नाही. तिरकी तिरकी, धारेच्या कलानं जात राहिली. दोनदा पाणी माझ्या डोक्यावरून गेलं. दोनदा मी तिचा गळा धरला, दोनदा तिनं कोपर मारून सोडवून घेतला. काठ काही लागेना. तिचा श्वास भात्यासारखा माझ्या कानाशी.

मग गुडघ्याला खडक लागला.

पाणी ओकून झाल्यावर बघितलं, ती केस पिळत बसली होती.

"झाला का समुद्र बघून?"

कपडे अंगावरच वाळवले. शेवटची बस धरली. आई ओट्यावरच बसलेली. तिनं सुनेच्या केसांकडे बघितलं.

"चारठाण्याच्या देवळात वाळू कुठली गं?"

इंदू माझ्याकडे बघायला लागली.

मी म्हणालो, "येलदरीला गेलो होतो. हिचा पाय घसरला. मी ओढून काढलं."

बायकोच्या खांद्याला लोंबकळत आलो, हे आईला सांगायला जीभ रेटली नाही.

आईनं मीठमोहऱ्यांनी माझी दृष्ट काढली. मग इंदूकडे वळली.

"तुला पाण्याचा घात हाय. आजपासून विहिरीवर न्हाई, नदीवर न्हाई. माहेरीबी न्हाई. माज्या लेकाच्या गळ्याची शपथ हाय तुला."

दुसऱ्या दिवशी चुलीपाशी मी हळूच विचारलं, "खरं सांगू का?"

"आता दृष्टबी काढून झाली तुमची. ऱ्हाऊ द्या."

मी राहू दिलं.

उन्हाळ्यात माहेरी भाच्या डोहात उड्या मारायच्या. ही काठावर बसायची. साडीआड तिचे पाय हलताना मी बघितलेत.

पुढं आई गेली. तरी मी तोंड उघडलं नाही. तोवर गोष्ट माझी झाली होती, आणि दरवर्षी तिच्यातली धार मोठी होत होती. इंदू चहा घेऊन यायची, ऐकायची, कप ठेवून आत जायची.

तीन वर्षांपूर्वी धाकटा लेक आणि सून श्वेता पाठीवर बॅगा अडकवून थायलंडला गेले, समुद्रकाठच्या एका निवांत गावात. लेकानं व्हिडिओ कॉल केला. श्वेता कमरेएवढ्या पाण्यात उभी.

"आई, मला भीती वाटते हो. मी पुढं जातच नाही."

इंदू फोनजवळ सरकली.

"पाठीवर पड. कान पाण्यात जाऊ दे. मान ताठ धरू नको. छाती भरून श्वास घे, पाणीच उचलतं."

श्वेता हसली. "तुम्हाला काय माहीत, आई? तुम्हाला तर बाबांनी काढलं होतं."

फोन माझ्या हातात होता.

इंदूनं माझ्याकडे बघितलं. वाट बघितल्यासारखं, थोडा वेळ.

मी नुसता फोन नीट धरला.

"हो बाई, यांनीच काढलं," ती म्हणाली. "पण तू पड पाठीवर."

श्वेता पडली. तरंगली. कॉल संपेपर्यंत इंदूनं स्क्रीनवरची नजर हलवली नाही.

श्वेता, तुला त्या दिवशी सांगितलं ते ऐकीव नव्हतं. तुझी सासू पट्टीची पोहणारी होती.

इंदू, हे तुझ्यासमोर बोलायला हवं होतं. माफ कर.

तुझ्यामुळे पुढची चाळीस वर्षं जगलेल्या नवऱ्याचा तुला नमस्कार.