अण्णांचा रणगाडा

आमच्या भागात कुणी फौजेत होता म्हटलं की लोक पुढचं काही विचारत नाहीत, त्याला थेट रणगाड्यात बसवतात. नगर हे रणगाड्यांचं गाव, तेव्हा जिल्ह्यातला प्रत्येक फौजी रणगाड्यातूनच लढला अशी सगळ्यांची पक्की समजूत. आमचं गाव सोनईच्या अलीकडे. माझे वडील, आमचे अण्णा, एकाहत्तरच्या लढाईतून परत आले तेव्हाच गावानं त्यांना एक रणगाडा देऊन टाकला. अण्णांनी तो नाकारला नाही आणि घेतलाही नाही. लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, रणगाडा कसा असतो? तर म्हणाले, मोठा असतो. यापलीकडे त्यांनी लढाईबद्दल चकार शब्द काढला नाही.

माझा थोरला भाऊ, दादा, ती कसर भरून काढायचा. पाहुणे आले की त्यांना नगरच्या रणगाडा संग्रहालयात न्यायचा आणि दिसेल त्या रणगाड्याकडे बोट दाखवून सांगायचा, अण्णांचा अगदी असाच होता. एकदा अण्णांनाही बळेबळे घेऊन गेला. अण्णा बाहेर लिंबाच्या सावलीला बसले, भेळ खाल्ली आणि घरी चला म्हणाले. जुन्या आठवणींनी म्हाताऱ्याला भरून आलं, असं दादानं घरी येऊन सांगितलं.

अण्णा गेले त्याला आता तीन-चार वर्षं झाली. यंदा ग्रामपंचायतीनं शाळेच्या भिंतीवर गावातल्या फौजींची चित्रं काढायचं ठरवलं. चित्राखाली पलटणीचं नाव हवं होतं. मी नगरला राहते आणि बँकेतून निवृत्त झालेली आहे, म्हणजे घरच्यांच्या मते रिकामी. काम माझ्या गळ्यात पडलं. खरं तर मलाही ते हवंच होतं. माणूस एवढी लढाई पाहून आला आणि पोटच्या पोरांना काही सांगितलं नाही, याचा मला अण्णांवर राग होता. ते असताना कळले नाहीत, निदान आता तरी कळावेत, एवढंच मनात होतं.

माजी सैनिकांच्या कचेरीत जाऊन अण्णांचा फौजेतला नंबर सांगितला. तिथल्या साहेबांनी शोधलं आणि म्हणाले, रणगाडे नाहीत हो बाई, ही खेचरांची कंपनी. डोंगरात रसद पोचवणारी. मी म्हटलं, पुन्हा एकदा बघा. त्यांनी बघितलं. खेचरंच निघाली. त्याच कंपनीतले एक गृहस्थ बेलापूरला असतात, अजून ठणठणीत आहेत, हेही त्यांनीच सांगितलं.

खेचर ही आमच्याकडे शिवी आहे. दादाला फोन करायचा मला धीर झाला नाही. म्हटलं, आधी बेलापूर गाठावं.

ते गृहस्थ दारातल्या शेडमध्ये कांदे निवडत बसले होते. अण्णांचं नाव काढताच त्यांनी मला बाजेवर बसवलं आणि आत चहा टाकायला सांगितलं. गावानं अण्णांना रणगाडा दिल्याचं ऐकून त्यांना इतकं हसू आलं की ठसका लागला. मग सांगत राहिले. काश्मीरच्या डोंगरात पाऊलवाट एवढीशी, एका बाजूला दरी. खेचरांच्या पाठीवर तोफेचे गोळे, पीठ, रॉकेल. मुक्कामाला पोचलं की अण्णा आधी जनावराला पाणी दाखवायचे आणि मग स्वतः प्यायचे. एवढं म्हटल्यावर अण्णा मला डोळ्यांसमोर दिसले. घरी बैलांचं पाणी झाल्याशिवाय ते तांब्याला हात लावत नसत.

एके सकाळी छावणीजवळच गोळा पडला. अण्णा वाचले, त्यांच्या खेचराचे मागचे पाय गेले. अशा जनावराला गोळी घालायची, आणि ज्याचं जनावर त्यानंच घालायची, असा त्यांच्यात रिवाज होता. अण्णांनी साहेबांकडून घटकाभर वेळ मागून घेतला आणि लंगरातून, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरातून, तूप-हळद आणली.

इथे त्या गृहस्थांनी हातातला कांदा खाली ठेवला.

"खांदमळणी केली बघ त्यानं. खच्चर वझं पाठीवर वाहातंय, आन ह्यो आपला बैलावानी खांदा मळतोय. मळून झाल्यावर आपल्याकडं म्हनत्यात तसं म्हनला, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. म्या म्हनलं, येड्या, उद्याचं कुठलं जेवान? तर मला म्हनतो, गप, त्येला कळंल."

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्या घरीही बैलांचे खांदे तूप-हळदीनं मळतात आणि त्यांना हेच आवतण देतात. खांदे अण्णाच मळायचे, पण आवतणाची वेळ आली की हात पुसून कालव्याकडे चालू लागायचे. मग दादा आवतण द्यायचा. आई दरवर्षी चिडायची, की आवतण घरच्या कर्त्यानं द्यायचं असतं, यांना कसली एवढी मिजास. आम्हालाही ती मिजासच वाटायची. मी त्या बाजेवर बसून पदराला डोळे पुसले. त्या गृहस्थांनी मला रडू दिलं आणि जाताना पिशवीभर कांदे दिले.

आता दादा. मी गावी पोचले तेव्हा पेंटरनं भिंतीवर अण्णांच्या शेजारी रणगाडा काढून रंगवायला घेतला होता, आणि दादा त्याला तोफेची नळी लांब कर म्हणून सांगत होता. त्याला बाजूला घेऊन मी खेचरांचं सांगितलं. तो भडकलाच. बाप खेचरं हाकायचा असं भिंतीवर लिहायचं का, गाव तोंडावर हसेल, तू हे उकरायला गेलीसच कशाला, असं बरंच बोलला. मीही काही कमी नाही. म्हटलं, हसू दे गावाला, आपला बाप गावाला दाखवायला नव्हता. मग तिथेच शाळेच्या पायरीवर बसून त्याला बेलापूरची सगळी हकिकत सांगितली. तो उठला आणि गोठ्याकडे निघून गेला. दुसऱ्या दिवशी भिंतीवरचा रणगाडा पुसलेला होता.

आमच्या पेंटरनं जन्मात खेचर पाहिलेलं नव्हतं. त्यानं मोबाईलवर बघून जे काढलं ते लांब कानांचं घोडंच झालं, पण रंग छान उठले होते. कार्यक्रमाला तालुक्याहून पाहुणे आले. भिंतीकडे बघत त्यांनी भाषणात अण्णांचा गौरव केला, की घोड्यावर स्वार होऊन शत्रूवर तुटून पडणाऱ्या या वीराला आमचा नमस्कार. टाळ्या पडल्या. मनात म्हटलं, चला, रणगाडा गेला आणि घोडा आला. गाव काही अण्णांना पायी चालू देत नाही.

तेवढ्यात दादा उठला. पाहुण्यांच्या हातातून त्यानं माईक जवळजवळ ओढूनच घेतला.

"सायेब, घोडं न्हाई ते. खेचर हाय. आमच्या अण्णांचं हुतं."

मागच्या बाजूला कुणीतरी फिसकन हसलं. दादानं तिकडे बघितलंही नाही. त्याला अजून बोलायचं होतं, पण त्यानं माईक माझ्याकडे धरला. मग मी जाऊन त्याच्याशेजारी उभी राहिले आणि अण्णांनी आम्हाला कधीच न सांगितलेलं ते आवतण सगळ्या गावाला सांगायला सुरुवात केली.