मी स्लाइड बदलली नाही

"तू फक्त बटण दाब. बोलेल तो."

माह्या पीएचडीचे गाइड, सर, भर हॉलमधी बोलले. अमरावतीचं आमचं कॉलेज, सेमिनार, समोर बाहेरगावचे पाहुणे. वरून म्हणाले, "हिने तोंड उघडलं की भाजीबाजार आठवतो." हॉल हसला. मीबी हसली. त्या हसण्याची चीड मले आजही येते.

माय माही अकोल्याच्या बाजारात भाजी विकते. सरांले मीच सांगितलं होतं, मोठ्या कौतुकानं.

अन् बोलणार कोण, तर सरांच्या मित्राचा पोरगा. माह्यासंगच पीएचडी करून राहिला. काम मात्र माह्यं. पाण्यात धातूचे नॅनोकण मिसळले की ते पाणी उष्णता जास्त वाहून नेते. ते नळीतून कसं वाहीन, हे समीकरणं सोडवून काढाले कॉम्प्युटरले लय वेळ लागते. म्हणून मी न्यूरल नेटवर्क शिकवलं, उदाहरणं पाहून झटकन उत्तराचा अंदाज सांगणारा प्रोग्राम. सोडवलेली उदाहरणं दाखवाची. चुकलं की चूक दाखवाची. पुन्हा तेच.

सर त्या नेटवर्कवर कधी चिडले नाहीत. "चुकू दे, शिकेल," म्हणायचे. मशीनवर एवढी माया.

आमच्या लॅबची रीतच तशी. सरांची माणसं बोलणार, आमच्यासारख्या पोरी लॅपटॉपपाशी बसणार. "पुढे" म्हटलं की बटण दाबाचं. पाहुण्यांचा चहाबी आम्हीच पाहाचा.

तो माहीच वाक्यं वाचत होता. मग ती स्लाइड आली. कण वाढले, द्रव दाट झाला, की माह्यं नेटवर्क साफ चुकत होतं. त्याले मी पातळ द्रवच दाखवले होते. जे कधी पाहिलं नाही, त्याबद्दलही ते बेधडक सांगायचं. ही मर्यादा सांगणं हाच माह्या कामाचा जीव. सर म्हणाले होते, काढून टाक. मी काढली नव्हती.

"हे किरकोळ आहे," तो म्हणाला. "पुढे."

बोट बटणावरच होतं. दाबलं नाही.

"पुढे."

"झोपली का ही?" सर खुर्चीतूनच बोलले. पुन्हा हसू.

यावेळी मी नाही हसली. उभी राहिली.

"हे काम माह्यं हाय. इथं ते कावून चुकते, हे मीच सांगते."

अन् सांगितलं. याच बोलीत. मधात अडखळली, थांबली, पुन्हा बोलली. टाळ्या वाजल्या नाहीत. एका पाहुण्या बाईनं प्रश्न विचारला. त्याले नाही, मले. मी उत्तर दिलं.

व्हरांड्यात सरांनी गाठलं. "प्रबंधावर माझी सही? विसर आता."

बडनेऱ्याहून गाडी धरून घरी आली. माय मेथीच्या जुड्या बांधून राहिली होती. सगळं सांगितलं.

"गप बसली असती त सही भेटली असती?"

"हो."

मायचे हात थांबले. "मंग आता काय करशीन?"

तिच्या आवाजात भेव होतं. मलेबी भेव होतं, खोटं कावून बोलू.

दुसरा गाइड मागितला हाय. सर आडवे येऊन राहिले. वर्षं जातीन, जाऊ द्या. नेटवर्क कुठं चुकते ते सांगणारी ती स्लाइड प्रबंधात राहीन. अन् तोंडी परीक्षेत मीच बोलीन, मायच्या बाजारातल्या बोलीत बोलीन, सर समोर बसले तरी. बटण दाबाले ज्याले बसवाचं त्याले बसवा.