होडीचा उरलेला रंग

जुन्या मिनीबाइक ओळखण्यात माझा हात धरणारा अख्ख्या तळा तालुक्यात कुणी नाही, असं मीच सांगत फिरतो. हँडल बदललेलं असो, टाकी दुसऱ्याच गाडीची असो, मी गुडघे टेकतो, चासीला नाक लावतो आणि गाडीची वंशावळ सांगतो. लोक टाळ्या वाजवतात. नाही वाजवल्या तर पुन्हा सांगतो.

आगरदांड्याच्या एका कोळी काकांची गाडी अशीच सापडली. दीड वितीची चाकं आणि अंगभर जाड निळा रंग. काकांनी जन्मभर मासेमारी केली. जेट्टीवरून घरी जाळी न्यायला त्यांनी तरुणपणी ही फटफटी घेतलेली. पाच वर्षांपूर्वी होडी मोडीत निघाली, तेव्हापासून हीसुद्धा बंद होती. मी फुकटात चालू करून देतो म्हणालो, कारण अशी गाडी हाताळायला मीच पैसे दिले असते. काका एवढंच म्हणाले, "इंजिन बघ. अंगाला हात लावू नको."

मला वाटलं, भिडस्त माणूस, माझा खर्च वाचवतोय.

गाडी माझ्या घरी आणली, कार्बोरेटर धुतला, पॉइंट घासले, दोन रविवारांत इंजिन बोलू लागलं. तिथंच थांबायला हवं होतं. पण चासीवरचा नंबर वाचायचा म्हणून मी नखाएवढा निळा खरवडला. खाली हिरवा निघाला. त्याखाली लाल, मग पुन्हा निळा. असे थरावर थर, आणि पार तळाशी कारखान्यातला पिवळा. मला आनंदानं घामच फुटला. रंग काढायचं औषध लावून मी ती सोलून काढली, पापड्या झाडून कचऱ्यात टाकल्या, तस्साच पिवळा मारला आणि फोटो पाठवून पुण्याच्या मित्रांची वाहवा झेलली.

काकांसमोर मी ताडपत्री ओढली ती नाटकाचा पडदा उघडावा तशी.

त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. "झ्याक हाय," म्हणाले. "आता माझी गाडी आण."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"हीच तुमची, काका. हा तिचा मूळ रंग."

"कारखान्याचा असंल. माझा न्हाय."

मग त्यांनी सांगितलं. दरवर्षी नारळी पौर्णिमेआधी होडीला रंग लागायचा. डब्यात उरेल तो, खाऱ्या वाऱ्यात गंज चढू नये म्हणून, फटफटीला. "होडीची लाकडं चुलीत गेली," काका म्हणाले. "रंग तेवढा हिच्यावर होता."

मूळ रंगाचं महत्त्व सांगणारं माझं एक भाषण आहे, ते मी गिळलं.

पुढच्या रविवारी मी निळ्याचा डबा घेऊन गेलो. काका उलट्या क्रेटवर बसून हुकूम सोडत होते. जाड लाव, होडी हाय असं समज. एक ओघळ दिसला तर अख्खी टाकी पुन्हा घासणारा मी, ब्रशनं पिवळ्यावर निळा थापत होतो. वाळल्यावर काकांनी टाकीवर नख दाबून पाहिलं. "एकच थर हाय," म्हणाले आणि गाडी घेऊन जेट्टीकडे गेले.

घरी आल्यावर टेबलाखाली मला एक पापडी सापडली. निळी, हिरवी, लाल, कडेनं सगळे थर दिसतात. स्क्रूच्या डबीत ठेवली आहे. काकांना नेऊन द्यायला हवी. पण हातात घेतल्यावर ते विचारतील, बाकीच्या कुठं आहेत.