उंबऱ्याच्या आत उभी बाई

नेरूळच्या आमच्या वाचनगटात आम्ही चौघी. त्या महिन्याच्या कादंबरीत एक शहर आहे, जिथे घरांची दारं फक्त पुरुषांच्या आवाजाने उघडतात. शेवटच्या पानावर यंत्रणा बंद पडते, दार सताड उघडतं आणि नायिका उंबऱ्याच्या आतच उभी राहते.

मी हा शेवट फसला असं म्हणाले. बातम्यांच्या डेस्कवर इतकी वर्षं काढल्यावर अर्धवट शेवट दिसला की मी आधी लिहिणाऱ्याची चूक धरते. शाळेत मराठी शिकवणाऱ्या मैत्रिणीच्या मते नायिका घाबरली होती. जिच्या घरी जमलो होतो, तिचं लक्ष घड्याळाकडे होतं. चौथी सभासद म्हणजे तिची शिरवण्याला राहणारी थोरली बहीण. त्या बहिणीचं आणि मैत्रिणीच्या नवऱ्याचं वर्षभर बोलणं नव्हतं. भांडणानंतर ती या घरी आज पहिल्यांदा येणार होती.

साडेचारला तिचा फोन आला. ती पंधरा मिनिटं गेटवर उभी होती. पाहुण्यांना गेटमधून आत सोडायचं ॲप नवऱ्याच्या मोबाइलवर, आणि नवरा न्हावा शेव्याला कामावर. घरच्या मैत्रिणीने इंटरकॉमवरून वॉचमनला विचारलं.

"साहेबांनी डिनाय केलंय, मॅडम."

आम्ही तिघी खाली गेलो. बहीण वॉचमनच्या केबिनच्या सावलीत कादंबरीचं शेवटचं पान उघडून बसली होती. "तुझा नवरा बंदरात कंटेनर तरी इतका वेळ अडवतो का गं?" तिने विचारलं.

धाकटी हसली नाही. ती त्या पानाकडे बघत राहिली.

"ताई, ही बाहेर जायला उभीच नाहीये. कुणाला तरी आत घ्यायला उभी आहे."

मग आम्ही गेटवरच पानं उलटू लागलो. पहिल्याच प्रकरणात नायिकेची बालमैत्रीण दार वाजवून परत जाते. पुढे आणखी दोनदा. तिन्ही जागा मी वाचल्या होत्या आणि सोडून दिल्या होत्या. शिक्षिका मोठ्याने वाचत होती, मी पेन्सिलने खुणा करत होते, सगळ्या एकदम बोलत होतो. एका रिक्षावाल्याने हॉर्न देऊन आम्हाला बाजूला केलं. शेवट फसला नव्हता. वाचण्यात मी फसले होते.

मैत्रीण तिथूनच सोसायटीच्या ऑफिसात गेली. फ्लॅट दोघांच्या नावावर असल्याने ॲपला तिचा नंबर जोडायला कुणाची सही लागली नाही. वॉचमनने पुन्हा नोंद केली. या वेळी तिचा मोबाइल वाजला. बहीण तिच्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभी होती.

"कोण आलंय म्हणे?" बहिणीने विचारलं.

"बघते हं," म्हणत मैत्रिणीने आत सोडायचं बटण दाबलं.

लिफ्टच्या दारात नवऱ्याचा फोन आला. तिने तो घेतला आणि सांगितलं, ताई आली आहे, जेवूनच जाईल.