उजव्या चाकाचं बेअरिंग

हवालदार नागनाथ बिराजदार बहिरा होता, आणि ही गोष्ट जगात फक्त आपल्या बायकोला ठाऊक आहे अशी त्याची समजूत होती. उजवा कान पार गेलेला, डावा निम्मा. चोवीस वर्षं फौजेच्या वर्कशॉपात जनरेटरशेजारी उभं राहून गाड्या खोलल्या, त्याचं हे बक्षीस. निवृत्तीच्या तपासणीत डॉक्टर मागे उभा राहून पुटपुटत होता, तेव्हा या बहाद्दरानं समोरच्या खिडकीच्या काचेत त्याचे ओठ वाचून उत्तरं दिली आणि कान उत्तम असल्याचा शेरा घेऊन बाहेर पडला. खरं बोलला असता तर पेन्शनीत भर पडली असती. पण ज्याच्या कानाची कीर्ती अख्ख्या ब्रिगेडमध्ये, त्यानं बहिरा म्हणून पेन्शन घ्यायची? सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथं तर सुंभ अजून जळतच होता.

कीर्ती मात्र खोटी नव्हती. जिप्सी उचलून, मागची चाकं अधांतरी फिरत ठेवून, नागनाथ लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक अॅक्सलला लावायचा आणि मूठ कानाला. डोळे मिटायचा. दोन मिनिटांत सांगायचा, डावं बेअरिंग गेलंय, उजवं अजून दोन हजार किलोमीटर चालेल. खोलल्यावर तसंच निघायचं. मेसमध्ये पाहुणे आले की साहेब लोक त्याला बोलवून हा खेळ करून दाखवायचे. कर्नल रणजीत सरनोबत तर म्हणायचे, "आमच्या नागनाथच्या कानाला देवानं दुर्बीण लावलीय." नागनाथला वाटायचं, आपला मान होतोय. दरवेशाच्या अस्वलालाही तसंच वाटत असावं.

शेवटचं पोस्टिंग जयपूरला झालं, मुलगा निलय इथंच नोकरीला लागला, म्हणून बिऱ्हाड इथंच राहिलं. शास्त्रीनगरात दोन खोल्या. सहा वर्षं नागनाथ त्या दोन खोल्यांत बसून होता. "बाबा, मतलब आता आराम करा ना," असं निलय रोज म्हणायचा, आणि रोज ते ऐकून नागनाथच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. चोवीस वर्षं 'उस्ताद' म्हणवून घेतलेल्या माणसाला दूध आणायला पाठवत होते. कुणीतरी आपल्याला पुन्हा एकदा उस्ताद म्हणावं, एवढं एकच त्याला हवं होतं.

आणि सरनोबत साहेबांचा फोन आला. तो बायकोनं, अनुसयानं घेतला. नागनाथचे फोन तीच घ्यायची, "ते आंघोळीला गेलेत," म्हणायची आणि निरोप मोठ्यानं घरात सांगायची. कर्नलांनी निवृत्तीनंतर जयपूरजवळ चाकसूच्या बाजूला रेताड माळ घेऊन पर्यटकांसाठी गाड्या पळवायचा धंदा काढला होता. नऊ जुन्या जिप्सी. वर्कशॉपला उस्ताद हवा, राहायला खोली आहे. बुधवारी ये, एक गाडी मागून आवाज करतेय, तेवढी बघ, मग बोलू.

"अवो, जायच्या आधी सांगून टाका एकदा," अनुसया म्हणाली. "बहिऱ्याला काय फाशी देत न्हाईत."

"तू गप बस. झाकली मूठ सव्वा लाखाची."

बुधवारी सकाळी तो पोचला, तेव्हा जिप्सी आधीच उचलून ठेवलेली होती. कर्नल आणि त्यांचे दोन पाहुणे सावलीत वेताच्या मुढ्ढ्यांवर बसले होते. चहा झाला. कर्नलांनी पाहुण्यांना दुर्बिणीची गोष्ट सांगितली. मग म्हणाले, "मागून आवाज येतोय, नागनाथ. कुठलं बेअरिंग, सांग."

ड्रायव्हर सुधाकरनं इंजिन चालू करून गिअर टाकला. चाकं फिरू लागली. नागनाथनं उजवीकडे स्क्रू ड्रायव्हर लावून डावा कान टेकवला. काही नाही. डावीकडे लावला. काही नाही. मग कुणाच्या लक्षात येणार नाही असा पाठमोरा होऊन त्यानं स्क्रू ड्रायव्हरची मूठ दातांत धरली, कारण कान गेले तरी खराब बेअरिंगची खरखर जबड्यातून कळते हे त्याला सापडलं होतं. जबड्यालाही काही कळेना. नुसती इंजिनाची थरथर.

आता इथं माणसानं काय म्हणावं? साहेब, मला काही सापडत नाही. पण हे वाक्य फौजेत चोवीस वर्षं काढलेल्या माणसाच्या तोंडून निघत नाही. साहेबानं विचारलं की उत्तर द्यायचं. 'पता नहीं' म्हणणाऱ्याच्या पाठीवर सामानानं भरलेला पिठ्ठू चढवून त्याला मैदानभर पळवतात. आणि साहेब आवाज येतो म्हणाले म्हणजे आवाज येतोच. साहेबांचे कान खोटे की आपले, हा हिशोब नागनाथनं एका क्षणात केला, आणि आपल्याच विरुद्ध केला.

"उजवं, साहेब," तो म्हणाला. "पार गेलंय."

"नक्की?"

"जी साहेब."

"मग बदलून टाक. नवं आत ठेवलंय."

त्यानं चाक काढलं, ड्रम काढला, चार बोल्ट सोडले आणि अॅक्सलचा दांडा बाहेर ओढला. दांड्याच्या टोकाशी बेअरिंग असतं आणि ते सरकू नये म्हणून त्याच्या मागे एक लोखंडी कडं घट्ट बसवलेलं असतं. बेअरिंग बदलायचं तर आधी ते कडं कापावं लागतं, आणि कापलेलं कडं पुन्हा वापरायचं नसतं, नाहीतर भर वेगात दांड्यासकट चाक बाहेर येतं.

नागनाथनं बेअरिंग बोटांनी फिरवलं. बोटं बहिरी नव्हती. बेअरिंग लोण्यासारखं फिरत होतं. ग्रीस ताजं, कडं कोरं करकरीत. हे बेअरिंग आठ दिवससुद्धा चाललेलं नव्हतं.

दांडा परत आत सरकवायचा, चार बोल्ट आवळायचे आणि म्हणायचं, साहेब, चुकलो, हे ठीक आहे. दहा मिनिटांचं काम. नागनाथनं मान वर करून बघितलं. तिघंही त्याच्याकडे बघत होते. त्यानं ग्राइंडर उचलला आणि कडं कापलं. मग छिन्नी लावून घणाचे चार घाव घातले. बेअरिंगचा पुरता चुथडा झाल्यावर ते हातात घेऊन तो उठला.

"बघा साहेब. असं झालं होतं."

पाहुण्यांपैकी एकाला हसू आवरेना. दुसरा मांडीवर थाप मारून हसला. कर्नल हसले नाहीत. ते काहीतरी म्हणाले, ते नागनाथला कळलं नाही, म्हणून तो अंदाजानं "जी साहेब" म्हणाला. मग तर हसून हसून पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

कर्नल उठून जवळ आले आणि त्याच्या डाव्या कानाशी, सावकाश, एकेक शब्द सोडवून बोलले. "दोन्ही बेअरिंगं परवाच नवी टाकलीत. असं म्हणालो मी."

नागनाथच्या हातातला चुथडा हातातच राहिला.

"तुला ऐकू येत नाही हे मला ठाऊक आहे रे. चार वर्षं झाली, केव्हाही फोन करावा तर तू आपला आंघोळीला. मला तुझे कान नको होते, कान सुधाकरलाही आहेत. खोलल्यावर तू काय बोलतोस, तेवढं बघायचं होतं. ठीक आहे म्हणाला असतास तर वर्कशॉपच्या चाव्या इथंच तुझ्या हातात दिल्या असत्या. या गाड्यांत लोकांची पोरंबाळं बसतात, नागनाथ."

सरळ घरी बोलवून विचारता आलं असतं. पण मग पाहुण्यांची करमणूक कशी झाली असती? साहेब न्यायी खरे, पण न्याय मुढ्ढा टाकून बघायची त्यांना सवय होती.

"आता खोललंयस तर बसवून जा," कर्नल म्हणाले आणि सावलीत परतले.

नागनाथ पुन्हा गाडीपाशी बसला. त्यानं दांडा पुसला, छिन्नीचा ओरखडा कुठं उठलाय का ते नखानं चाचपलं. नवं बेअरिंग बसवलं. नवं कडं गॅसवर तापवून, फुगलं तसं दांड्यावर सोडलं आणि ते निवून आवळेपर्यंत उन्हात उभा राहिला. दांडा आत गेला. बोल्ट त्यानं आळीपाळीनं, समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळले. इतकं नेटकं काम त्यानं फौजेतही क्वचित केलं असेल.

चाक चढलं. नागनाथ बाजूला होऊन सावधानमध्ये उभा राहिला. "तयार आहे, साहेब."

चोवीस वर्षांत त्याच्या कामावरून दुसऱ्या कुणाचा हात फिरला नव्हता. तशी पद्धतच नव्हती. उस्तादानं तयार म्हटलं की गाडी निघायची.

कर्नलांनी कप खाली ठेवला. "सुधाकर, चाक काढ परत. एकदा बघून घे."

सुधाकर जागचा हलेना. तो कधी साहेबांकडे, कधी नागनाथकडे बघत राहिला. शेवटी नागनाथनंच पाना फडक्यानं पुसला आणि त्याच्या हातात दिला.